नखं काळी पडण्याची अकरा कारणं

१७ ऑगस्ट १९६९, रविवार

अकरा कारणं जमली! चार नखांना अकरा कारणं. एवढी तर महायुद्धालाही लागली नव्हती.

नखं आमच्या सुभद्रेची. उजव्या हाताचा अंगठा, त्याच्या शेजारचं बोट, मधलं बोट, आणि डाव्या हाताचं एक. आधी पिवळी झाली, मग कडेनं हिरवट, आता काळी. मुळाशी कातडी सुजून लालबुंद. बहीण माझी, नखं तिची आणि निदान अख्ख्या तांडापेठेचं!

जागेश्वर – समोरचा, पंक्चर काढतो आणि रिकाम्या वेळात वैद्यकी करतो, म्हणजे दिवसभर वैद्यकीच – त्याचं म्हणणं, शनिवारी नखं काढली. त्याच्या बायकोचं म्हणणं, वार कोणता का असेना, काढलेली नखं अंगणात टाकली आणि ती कोंबडीनं खाल्ली. कोणाच्या कोंबडीनं, यावरून नवराबायकोत अर्धा तास जुंपली. किराणावाला रेशनच्या लाल मिलोवर, त्या अमेरिकी जोंधळ्यावर, घसरला. पिठाच्या गिरणीत एकीनं सांगितलं, वांग्याच्या भाजीवर दूध प्यायली. तिच्या मागे उभी होती तिनं सांगितलं, साप मारला. "तिनं नाही तं तिच्या नवऱ्यानं मारला असन." नवरा जाऊन बारा वर्षं झाली. झुरळ दिसलं तरी पाटावर चढून बसायचा बिचारा! भिवापुरी मिरची कुटताना नखात बसली, हे एक. विधवा असून चोरून मेंदी लावली, हे एक. आणि कळस चढवला देवळातल्या रामाजीनं – गेल्या महिन्यात माणूस चंद्रावर उतरला, चंद्र बाटला, आणि नखं तर चंद्राचीच! म्हटलं, रामाजी, मग माझी कशी बरी आहेत? म्हणाला, "तू लिवतं नं गा. तुयी सरस्वती पाहून घेते."

उरलेली तीन इथं लिहायचीही लाज वाटते. सदरात लिहीन.

खुद्द बाईला विचारलं तर म्हणते, "काय मालूम." आणि बंब पेटवायला निघून गेली. स्वतःच्या विषयात इतका कमी रस मी फक्त आमच्या संपादकांत पाहिला आहे.

१९ ऑगस्ट

शुक्रवारी मजकूर द्यायचा. नऊ कारणं बसली, दोन रांगत आहेत.

आमच्या सात पिढ्या मागावर वाकून बसल्या. टेबलावर वाकून बसणारा मी पहिला. सहा दिवस वर्तमानपत्रात दुसऱ्यांच्या चुका काढायच्या, रविवारी पुरवणीत दुसऱ्यांची अक्कल. पगार पहिल्या कामाचा मिळतो, दुसऱ्याचे फक्त शत्रू. सत्तेचाळीस वर्षांच्या आयुष्यात यापेक्षा बरा सौदा जमला नाही. बायको होती तेव्हा ती म्हणायची, तुम्ही माणसं बघत नाही, मजकूर बघता. ती गेली त्याला सात वर्षं झाली. तेव्हा सुभद्रा इथं राहायला आली, तेव्हापासून मजकुराबद्दल घरात कोणी बोलत नाही. शांतता आहे.

२१ ऑगस्ट

सुभद्रेचा अंगठा ठणकतो म्हणे. चहाला फार उशीर. लेख मात्र झकास उतरला.

२४ ऑगस्ट, रविवार

छापून आला! चौकट टाकून, वर चित्र – एक मोठं बोट आणि त्याला भिंगातून बघणारे अकरा पंडित. संपादक हसत हसत म्हणाले की बुवा, तुम्ही गल्ली जिवंत उभी केली. गल्ली जिवंत आहेच. तीच तर तक्रार आहे.

नाव अर्थातच घातलेलं नाही. 'आमच्या तांडापेठेतली एक सुताच्या कांड्या भरणारी विधवा' एवढंच. मी काही रानटी नाही.

जागेश्वरनं दोन प्रती घेतल्या! आपला सत्कार झाला असं त्याला वाटतं. दुकानावर लेख चिकटवला आहे, आणि हवा भरायला आलेल्या प्रत्येकाला शनिवारवाला परिच्छेद वाचून दाखवतो. उपहास करून काय उपयोग? समोरच्याला टोचायला आधी कातडी पातळ लागते.

सुभद्रा चौथी शिकलेली. पुरवणी तिनं पण उघडली होती, चुलीजवळ बसून, ओठ हलवत. विचारलं, आवडलं का? म्हणाली, "अक्षर बारीक हाय."

२६ ऑगस्ट, मंगळवार

ताराचंद आला. विणकर सोसायटीचा सेक्रेटरी. सुभद्रा सोसायटीच्या शेडमध्ये एकोणीस वर्षं काम करते. सूत भिजवायचं, ओल्या सुताच्या कांड्या भरायच्या, आणि ताण्याला लावायची खळ शिजवायची. सूत कोरडं असलं तर पोत घट्ट बसत नाही, म्हणून सगळं ओलं. हे मला माहीत आहे, कारण लहानपणी आई तेच करायची.

ताराचंदच्या हातात माझाच लेख, आठ घड्या घातलेला. पाणीसुद्धा घेतलं नाही. म्हणाला, "विश्वनाथभाऊ, ही बाई आपल्या शेडातलीच नं?"

म्हटलं, हे साहित्य आहे.

"साहित्य ठीक हाय भाऊ. पन लोकं म्हणून राहिले का रगतपिती हाय."

रगतपिती! अकरा कारणांत हे कुठंही नव्हतं. मी लिहिलंच नव्हतं! लोकांनी लेख वाचला, हसले, आणि हसून झाल्यावर बारावं कारण स्वतःच लिहिलं. ते लकडगंजपर्यंत पोचलं. तिथल्या ठोक व्यापाऱ्यानं, ज्याच्याकडे सोसायटीच्या साड्या जातात, सांगून पाठवलं की महारोग्याच्या हातची खळ लागलेला माल दसऱ्याला नको.

तेव्हा सुभद्रेनं घरी बसायचं. १४ सप्टेंबरला मंडळाची सभा आहे. तोवर डॉक्टरचा कागद आणायचा. नाहीतर तिच्या जागी दुसरी बाई.

चूक माझी नाही. मी हसण्यासाठी लिहिलं. लोक घाबरण्यासाठी वाचतात, याला मी काय करू?

सुभद्रा दाराआड उभी राहून सगळं ऐकत होती. ताराचंद गेल्यावर एवढंच म्हणाली, "चवदा तारखेले कोनता वार येते?"

रविवार, म्हटलं.

२८ ऑगस्ट

बाई घरात असल्याचा एक फायदा – घर आरशासारखं! तिला रिकामं बसता येत नाही. काल सगळी तांब्यापितळेची भांडी काढून चिंचेनं आणि राखेनं घासली. आज गोधड्या सोड्यात भिजवल्या. माझ्या सहाही धोतरांना खळ, कडक, पापडासारखी. म्हटलं, बरंय, तेवढंच मन रमतं.

जागेश्वरच्या बायकोनं सांगितलं म्हणून नखुरड्याचा उपाय चालू आहे. लिंबाला भोक पाडून त्यात बोट खुपसून बसायचं. एका बोटाला एक लिंबू. संध्याकाळी ती चार लिंबं बोटांत घालून ओट्यावर बसली होती. मला हसू आलं. तिलाही आलं. मग ती आत गेली.

३० ऑगस्ट

कमाल आहे. शेडला जात नाही, तरी सूज वाढली! पाचवं बोट धरलं. म्हणजे शेडचा दोष नाहीच. ताराचंदला हे ऐकवलं पाहिजे. कारण दुसरीकडेच कुठंतरी आहे.

तिला सुई तापवून नखाखालचा मळ कोरताना पकडलं. रागावलो. ही कुणाची अक्कल? तर म्हणे शेडमध्ये सगळ्याच करतात.

२ सप्टेंबर, मंगळवार

सरकारी दवाखाना. सकाळी आठपासून. दारावरच्या माणसानं सुभद्रेचे हात पाहिले आणि मान न उचलता म्हणाला, रगतपितीचं बाकडं तिकडं. निदान करायला दोन सेकंद! आमच्या गल्लीला निदान आठ दिवस लागले होते. ती मुकाट्यानं त्या बाकड्यावर जाऊन बसली. तिच्या शेजारी एक म्हातारा, बोटं झडलेली. त्यानं सरकून तिला जागा दिली. मी उभा राहिलो. बाकड्यावर जागा होती. तरी उभा राहिलो.

डॉक्टर पोरगेलासा, पुण्याकडचा. नागपूरच्या उन्हानं अजून भाजलेला नाही. मी लेखक आहे हे सांगितलं. त्यानं ऐकलं नाही. सुभद्रेला म्हणाला, ताई, डोळे मिटा, लागलं की सांगा. कापसाचा तंतू बोटावरून फिरवला. "इथं." टाचणी टोचली. "इथं. टोचलं." मग त्यानं जखमेच्या पट्टीतून एक धागा उपसला आणि सुजलेल्या अंगठ्यावरून ओढला. विचारलं, लागतंय?

सुभद्रेनं डोळे मिटलेलेच ठेवले. धागा दोन बोटांत धरून जरा चोळला.

"वीस नंबरी हाय. भरड. पीळ बी ढिल्ला हाय याचा."

डॉक्टरला कळेना. मी सांगितलं की सुताला नंबर असतो, जितका मोठा तितकं बारीक. त्याला गंमत वाटली. आपल्या पांढऱ्या कोटाच्या शिवणीतून धागा काढून दिला. "चाळीस. दुपदरी." मग खिशातल्या रुमालाचा. "साठ. हे चांगलं हाय." बाहेरच्या रांगेतली माणसं दारातून डोकावायला लागली.

डॉक्टर म्हणाला, "महारोगात सगळ्यात आधी बोटं बधिर होतात. या ताईंच्या बोटांना माझ्या बोटांपेक्षा जास्त कळतं."

तिला हे येतं, हे मला माहीत नव्हतं. विचारायचा कधी प्रसंग आला नाही.

नखाचा भुगा काचेच्या पट्टीवर खरवडून घेतला, त्यावर पोटॅशचा थेंब. लघवीत साखर आहे का तेही बघणार. साखरवाल्यांना हा त्रास लवकर धरतो म्हणे. शुक्रवारी बोलावलं.

५ सप्टेंबर, शुक्रवार

बुरशी!

एवढंच. लोणच्यावर येते तिची चुलत बहीण. इतका गाजावाजा, लकडगंजपर्यंत घबराट, आणि आत निघाली बुरशी. साखर नाही, महारोग नाही. मला जरा निराशाच वाटली, खोटं का बोलू.

डॉक्टरनं समजावून सांगितलं. नखाच्या मुळाशी कातडीची बारीक झालर असते. ती नखाला चिकटून दार बंद ठेवते. हात सतत ओले राहिले की झालर फुगते, सुटते, आणि बुरशीला दार उघडं. राखेनं भांडी घासली की उरलीसुरली खरवडून निघते. सोड्यानं कातडी भाजते. सुईनं कोरायचं म्हणजे तर बुरशीला हाताला धरून आत नेऊन पाटावर बसवायचं! आणि खळ हे तिचं जेवण. आंबली तर मेजवानी. लिंबानं काही होत नाही, चिडलेली कातडी आणखी चिडते.

गल्लीनं अकरा कारणं सांगितली, त्यात पाणी कोणाच्या तोंडी आलं नाही. चंद्र आला, पाणी नाही.

मग त्यानं विचारलं, दिवसातून किती वेळ हात पाण्यात असतात? सुभद्रा बोटांवर मोजायला लागली. शेडमध्ये सूत, कांड्या, खळ – पाच-सहा तास. मला वाटलं संपलं. तर ती थांबून घरचं मोजायला लागली. नळ पहाटे चारला येतो – हे मला नवीन! – तेव्हा पाणी भरणं. सडा. रात्रीची भांडी. धुणं. धोतरांची खळ. स्वयंपाक. पुन्हा भांडी. फरशी. संध्याकाळी पुन्हा पहिल्यापासून. पाच-सहा तास झाले तेव्हा बोटं संपली. मी म्हटलं, हे तर सगळ्याच बाया करतात.

डॉक्टर म्हणाला, "म्हणून तर रांग एवढी लांब आहे."

आगाऊ.

लावायला जांभळं औषध दिलं. नवं नख मुळापासून टोकापर्यंत यायला सहा महिने लागतात, तोवर लावायचं. आणि निघताना तिला – मला नाही, तिला – म्हणाला, "ताई, निदान अर्धं पाणी सोडा. कुठलं सोडायचं ते तुम्ही ठरवा. नाहीतर दहाही नखं जातील, बोटांची टोकं निबर होतील. मग सूत ओळखू येणार नाही."

घरी येताना ती रिक्षात हात पदरावर उलटे ठेवून बसली होती. जांभळी बोटं. कुठल्यातरी सणाची वाटत होती.

८ सप्टेंबर

डॉक्टरचा कागद इंग्रजीत. ताराचंदनं आधी उलटा धरला, मग सुलटा. दोन्ही बाजूंनी सारखाच कळला असावा. म्हणाला, कागद ठीक हाय भाऊ, पन ठरवन तं बाबनरावच.

बाबनराव म्हणजे सोसायटीचे अध्यक्ष. वीस वर्षांपूर्वी मागावरून उठले, ते पुन्हा सुताला हात लावला नाही. आता फक्त फायलींना लावतात, आणि तोही पान खाल्ल्यावर.

१२ सप्टेंबर, शुक्रवार

काल पोळा झाला. आज मारबत. गाव सकाळपासून रस्त्यावर.

वर्षातून एक दिवस सगळं नागपूर माझ्या धंद्यात उतरतं. पुतळे बांधायचे, त्यांच्या गळ्यात पाट्या अडकवायच्या, नाचवत गावाबाहेर न्यायचे आणि जाळायचे. जाताना ओरडायचं – रोगराई घेऊन जाय गे मारबत! खोकला घेऊन जाय गे मारबत! मी दर वर्षी खिडकीत बसून पाट्यांच्या चुका काढतो.

साडेदहाला आमच्या गल्लीचा बडग्या निघाला. बांबू, कागद, चिंध्यांचा पुतळा. दोन्ही हात पुढे केलेले, बोटं हातभर लांब, नखांना डांबर फासलेलं. गळ्यात पाटी – 'अकरा कारणं.' आणि जागेश्वर पुढं नाचतोय! "काळी नखं घेऊन जाय गे मारबत!" शंभर माणसं मागून. घरासमोर आल्यावर थांबली. जरा जास्तच थांबली.

क्षणभर – इथं लिहायला हरकत नाही, कोण वाचतंय – मला बरं वाटलं. माझं शीर्षक शंभर लोकांच्या तोंडात! कुठल्या लेखकाला हे मिळतं?

मागे वळलो तर सुभद्रा उभी. केव्हा आली कळलं नाही. हात पदराखाली. पुतळा दिसेनासा होईपर्यंत ती बघत राहिली. मग म्हणाली, "मस्त बनवला. पन दहाच्या दहा काळी केली त्याईनं. मायी तं पाचच हायत, दादा."

दुपारी जेवलो नाही. भूक नव्हती. तिनं वाढलेलं ताट झाकून ठेवलं, मग उघडलं, मग घासलं.

१४ सप्टेंबर, रविवार

सभा. जे झालं ते जसंच्या तसं लिहून ठेवतो.

सोसायटीची खोली. टेबलामागे बाबनराव, बाजूला ताराचंद, आणखी तीन पुरुष ज्यांचा उपयोग मला शेवटपर्यंत कळला नाही. मी बहिणीचा भाऊ म्हणून खुर्चीवर. सुभद्रा भिंतीशी उभी. शेडमधल्या कांड्या भरणाऱ्या बायांना बोलावून दाराशी खाली बसवलं होतं – सहा जणी.

मी कागद मराठीत वाचून दाखवला. महारोग नाही. लागण नाही. पाण्यामुळं झालेली बुरशी. चांगलं वाचलं. बाबनराव पान चावत ऐकत होते. म्हणाले, डॉक्टरचं काय जातं? व्यापारी माल घेत नाही, डॉक्टर घेणार आहे का साड्या? बाईबद्दल त्यांना काही नाही. बाई चांगली. भाऊ मोठा लेखक आहे, उपाशी ठेवणार नाही. मग बायांकडे न बघता विचारलं, "हिच्या बाजूले बसून काम कोन करन? सांगा."

मला वाटलं, संपलं.

मग वच्छलाबाई उठली. सुभद्रेपेक्षा जुनी, पंचावन्नच्या पुढची, गुडघ्यावर हात टेकत उठते. पुढे आली आणि दोन्ही हात टेबलावर, बाबनरावांच्या रजिस्टरवर, पालथे ठेवले.

आठ नखं काळी. एक नव्हतंच.

"मी बसन. बसूनच राहिली हो एकोणीस वर्षं."

तिच्या मागून दुसरी आली. तिसरी. हात ठेवायला टेबल पुरेना. कोणाचं नख पिवळं, कोणाचं लाकडासारखं जाड, कोणाचं कडेनं भुसा होऊन गळतंय. साठ नखांत धड किती, ते मी मोजायला घेतलं आणि सोडून दिलं. बाबनरावांनी खुर्ची मागे सरकवली. वच्छलाबाई म्हणाली, "भेव नका, बाबनराव. घरी जाऊन वहिनीच्या हाताकडं पाहा. त्याईनं बी आमच्यासंग बारा वर्षं कांड्या भरल्या."

बाबनराव पान चावायचे थांबले. नंतर कोणीतरी सांगितलं, त्यांची बायको घरातसुद्धा हात पदराखाली ठेवते.

"आमा सगळ्याईले काढा," वच्छलाबाई म्हणाली. "अन् दसऱ्याचं सूत तुमी भिजवा. पानी तयार हाय."

पाच मिनिटांत ठराव. सुभद्रा उद्यापासून कामावर. सूत हातानं न दाबता लाकडानं दाबायचं, आंबलेली खळ फेकायची, प्रत्येकीला हात पुसायला कोरडं फडकं. व्यापाऱ्याला बाबनराव स्वतः जाऊन सांगतील. ठराव एकमतानं, आणि मांडला म्हणे अध्यक्षांनीच!

बाबनरावांना आज कळलं की बायांना हात असतात. पन्नाशी उलटल्यावर! रोज समोर बसणाऱ्या बायांची नखं या माणसानं वीस वर्षांत एकदा बघितली नाहीत. बायकोचीही नाहीत. याच्यावर लेख पाहिजे. शीर्षकसुद्धा सुचलं आहे.

वाटेत सुभद्रा आणि वच्छलाबाई मागून हळू चालत होत्या, काहीतरी बोलत. मी पुढं.

१६ सप्टेंबर

बाबनरावांवरचा लेख सुरू केला. पहिलं पान जबरदस्त.

सुभद्रेशी शांतपणे बोललो. म्हटलं, तुझी अब्रू राहिली, हे महत्त्वाचं होतं. ते झालं. आता डॉक्टरचं ऐक, अर्धं पाणी सोडायचं आहे, तर शेड सोड. तू स्वतः राजीनामा दे, मानानं. कमवायची गरज काय? मी आहे की.

तिनं विचारलं, "मंग घरचं?"

म्हटलं, घरचं ते काय, घरचंच आहे.

"पाहू," म्हणाली. माझं पटलं असावं. चेहरा बराच हलका दिसला.

१८ सप्टेंबर

जांभळ्या औषधाचे डाग माझ्या धोतरावर! म्हटलं, जरा बेतानं. म्हणाली, "आता नाही लागनार."

२१ सप्टेंबर, रविवार

साडेसात वाजले तरी चहा नाही. बाहेर आलो तर सुभद्रेची ट्रंक ओट्यावर आणि ती चपला घालत होती. वच्छलाबाईची मागची खोली घेतली म्हणे, शेडपासून चार पावलांवर.

म्हटलं, अगं, पण काहून?

"डॉक्टरनं अर्धं पानी सोडाले सांगतलं नं, दादा. मी तुयं सोडलं."